सूर्यभान मिस्त्रीचे बाक

मागच्या बाकांना भोकं का नाहीत, हा प्रश्न ग्लोरियाबाई उजागरे यांना गेल्या तीस वर्षांत शंभरदा तरी विचारला गेला असेल आणि शंभरदा त्यांनी त्याचं उत्तर न अडखळता दिलं होतं. त्यामुळे त्या बुधवारी सकाळी राजेश्वरीनं, पुण्याहून चर्चची मापं घ्यायला आलेल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थिनीनं, फरशीवर गुडघे टेकून तो विचारला तेव्हा बाईंना दचकायचं काही कारण नव्हतं. उलट मुलगी त्यांना आवडली. नगरच्या दगडी चर्चमध्ये येणारा पाहुणा आधी मान वर करून छताला पेलणाऱ्या सागवानी कैच्या बघतो, मग घंटा किती मणांची ते विचारतो, मग रंगीत काचांच्या खिडकीपुढे उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेतो आणि निघतो. बाकांकडे वाकून बघणारा विरळाच. बाकांच्या एकूण वीस रांगा. प्रत्येक बाकाच्या पाठीला एक अरुंद फळी, मागे बसणाऱ्याच्या छातीशी येईल अशी, आणि पुढच्या नऊ रांगांच्या फळ्यांना ओळीनं गोल भोकं, जुन्या रुपयाएवढी. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकर खायची, अंगठ्याएवढ्या ग्लासातला द्राक्षरस प्यायचा आणि रिकामा ग्लास त्या भोकात उभा ठेवायचा. मागच्या अकरा रांगांना फळी आहे, भोकं नाहीत. तिथली माणसं ग्लास पायाशी, फरशीवर ठेवतात.

"सुतार मधेच गेला ना," ग्लोरियाबाई म्हणाल्या, आणि सूर्यभान मिस्त्रीची गोष्ट सुरू झाली. चर्च उभं राहिलं एकोणीसशे सातात, पण पहिली दहा-अकरा वर्षं मंडळी चटईवरच बसायची. मग बाक करायचे ठरले आणि शेवगावकडचा सूर्यभान कामाला लागला. संवत छप्पनच्या, म्हणजे चर्चच्याही आधीच्या, दुष्काळात बायकोला, रंगुबाईला, घेऊन तो पायी नगरला आलेला. गिरमिट हातानं फिरवून रोज चार भोकं पाडायचा, पाचवं नाही. पाचव्याला हात थकतो आणि कड फाटते म्हणायचा. नववी रांग पुरी झाली आणि अठरा सालच्या मानमोडीच्या तापानं त्याला गाठलं. त्याच्या हातचं काम आहे तसंच राहू द्यायचं, दुसऱ्या कुणाचं गिरमिट त्याला लावायचं नाही, असं मंडळीनं ठरवलं. "म्हणून ते आजवर तसंच आहे," बाई म्हणाल्या. इथं त्या नेहमी जराशा थांबत, आणि ऐकणारा नेहमी भोकाच्या कडेवरून बोट फिरवी. राजेश्वरीनंही फिरवलं.

त्या थांबण्यातच मागून येणारा झाडूचा आवाज बंद पडला. शेवटच्या रांगेजवळ रतनबाई उभी होती. चर्च झाडायचं काम तिच्या घरात तीन पिढ्यांचं. ती स्वतः चाळीस वर्षं झाडत होती, आणि पाहुणे आलेले असताना तिनं तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "असा कुनी सुतार नव्हता, बाई," ती म्हणाली. आवाज चढवून नाही; दूध नासलंय हे सांगावं तितक्या साधेपणानं.

ग्लोरियाबाई हसल्या. शिक्षिका होत्या त्या, छत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत इतिहास शिकवलेला. वर्गातून आलेलं वाकडं उत्तर हसून कसं बाजूला सारायचं ते त्यांना ठाऊक होतं. "तुम्हाला कसं माहीत असणार, रतनबाई? अठरा सालची गोष्ट आहे ही."

"माज्या आईच्या सासूनं झाडलंय हे देऊळ, त्या टायमाला," रतनबाई म्हणाली. "मी बोलले नसते. तीस वर्सं ऐकतीच हाय की. पर आता त्याच्या नावाची पितळी पाटी लावाया निघाले म्हनून बोलले." आणि केराची बादली उचलून ती बाजूच्या दारानं बाहेर गेली. राजेश्वरीनं आधी दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि पेन्सिल वहीवर तशीच धरून ठेवली. बाई तिला म्हणाल्या, म्हातारी माणसं असतात अशी, तू लिही. मग त्यांनी तिला घंटेचं वजन सांगितलं, जे तिनं विचारलेलं नव्हतं.

पाटीचं खरं होतं. चर्चची दुरुस्ती निघाली होती. वायरिंग उचकटलेलं, कौलं उतरवून पुन्हा बसवलेली, भिंतींतला सिमेंटचा गिलावा खरवडून दगडांच्या सांध्यांत चुन्याचा दर्जा भरलेला. आणि त्याच झपाट्यात पंचमंडळानं ठरवलं होतं की सूर्यभान मिस्त्रीचं अपुरं काम आपण पुरं करायचं. उरलेल्या अकरा रांगांना भोकं पाडायला सोमवारी सुतार येणार होता. त्याआधी रविवारी, प्रभुभोजनाच्या उपासनेत, दाराशी पितळी पाटी उघडायची: 'कै. सूर्यभान मिस्त्री यांच्या स्मरणार्थ.' अँड्र्यू साहेब, मंडळीचे पाळक, चाळिशीचा उत्साही माणूस, त्यांनी तर दोन महिन्यांपूर्वी 'अपुरी कामं' या विषयावर सूर्यभानला धरून उपदेश केला होता आणि दोन-चार बायकांनी पदरानं डोळे टिपले होते. रविवारी दहा मिनिटं मंडळीचा इतिहास वाचायचा मान ग्लोरियाबाईंचा. मानाचं काय, तो त्यांचाच होता. चर्चच्या इतिहासाची पुस्तिका त्यांनी लिहिलेली, तिच्या तीन आवृत्त्या निघालेल्या.

घरी येताना त्या रिक्षात बसल्या नाहीत. उड्डाणपुलाच्या सावलीसावलीनं चालत आल्या, ऊन होतं तरी. एवढं काय झालं होतं? एका झाडणाऱ्या बाईनं एक वाक्य म्हटलं होतं. इतिहासाच्या माणसानं अशा वेळी साधं काम करायचं असतं, पुरावा बघायचा. हे आपण कुठं ऐकलं, एवढं आठवायचं आणि मोकळं व्हायचं. वडिलांनी सांगितलं असेल. पण वडील अबोल. त्यांनी जन्मात कुणाची गोष्ट सांगितली नाही, सुताराची कुठून सांगतील? मग आजीनं, मेरीआजीनं. आजीच्या आवाजात बाईंनी गोष्ट मनात म्हणून पाहिली, आणि ती बसेना. आजीच्या तोंडी सूर्यभान हे नावच येईना. पुस्तिकेत आहे, हो, पण पुस्तिका आपलीच. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं स्वतःशी पुटपुटत त्या कापड बाजाराच्या तोंडाशी थबकल्या. एका दुकानदारानं ओळखीनं "या बाई" म्हटलं ते त्यांना ऐकू गेलं नाही. सूर्यभान. सूर्यभान नावाचा शिपाई होता शाळेत, घंटा वाजवायचा, शेवगावचाच. रंगुबाई तर त्या वेळी दारावर मेथी-कोथिंबीर घेऊन यायची. आणि रोज चार भोकं, पाचवं नाही, हे बोलणं घराच्या दारांना कड्या बसवायला आलेल्या कुणा मिस्त्रीचं होतं, एका उन्हाळ्याच्या सुट्टीतलं. बाई तिथंच उभ्या राहिल्या. सूर्यभान मिस्त्रीच्या अंगावरचा एकेक कपडा ज्याचा त्याला परत गेला, आणि आत कुणीच नव्हतं.

मग तो दिवसही आठवला. पंचाण्णव साल, डिसेंबर. अमेरिकेहून एक म्हातारं जोडपं आलं होतं, त्यातल्या बाईंचे आजोबा इथं मिशनरी होते. इंग्रजी येतं म्हणून मंडळीनं ग्लोरियाबाईंना पुढे केलेलं. अडतीस वर्षांच्या, ठेवणीतली जांभळी साडी, केसात अबोली. म्हातारीनं भोकात बोट घातलं आणि विचारलं, मागच्यांना का नाहीत? खरं उत्तर ग्लोरियाबाईंच्या तोंडात तयार होतं. अगदी जिभेच्या टोकाला. त्यांना आता स्वच्छ आठवलं की त्याला चव होती, गोड आणि किंचित आंबूस, आणि ती आली तशी तोंडात लाळ सुटली होती. त्यांनी ती गिळली. गिळली आणि म्हणाल्या, सुतार गेला. एवढंच म्हणायचं होतं. पण म्हातारीनं हळहळून विचारलं, कोण होता बिचारा, आणि मग त्याला नाव लागलं. म्हातारी रडली. तिनं ग्लोरियाबाईंचा हात दोन्ही हातांत धरला. खोटं बोलल्याचं त्या क्षणी वाटलंच नाही, उलट कुणाला काहीतरी छान दिल्यासारखं वाटलं. पुढच्या पाहुण्यांना दुष्काळ मिळाला, त्यापुढच्यांना रंगुबाई. दरवेळी थोडी भर. पाच-सहा वर्षांत तो माणूस इतका चालता-बोलता झाला की बाईंना त्याची कीव यायची, खरोखर यायची. पुस्तिका लिहिताना त्याचं प्रकरण त्यांनी एकटाकी लिहिलं होतं, आणि घंटेच्या वजनासाठी मात्र तीन महिने पत्रव्यवहार केला होता.

खरं उत्तर फार साधं होतं. गावकुसाबाहेरच्या दोन वस्त्यांतून ही मंडळी झाली. गावानं दोन्ही वस्त्यांना सारखंच लांब ठेवलं, पण त्यांचं आपसांतलं वर-खाली काही सुटलं नाही. एकीला दुसरीचं पाणी चालत नसे. येशूकडे दोघी आल्या तेव्हा, आधीच्या मातीच्या चर्चमध्ये, पहिल्या मिशनरी साहेबानं एकच पेला सगळ्यांच्या तोंडाला लावला. तिथं कुरकुर झाली, पण साहेब खमक्या होता. पुढे दगडी चर्च झालं, बाकांची गोष्ट निघाली, आणि तेव्हाचे पंच, त्यांत ग्लोरियाबाईंचे आजोबा इसहाक मास्तर पुढे, त्यांनी आरोग्याचा मुद्दा काढला. प्लेग होऊन गेलेला, मानमोडीनं घरंच्या घरं रिकामी केलेली. एका पेल्याला शे-दोनशे तोंडं लागायची ती बरी नव्हेत. अमेरिकेत आता छोटे ग्लास निघालेत, ते मागवावेत. साहेब खूश झाला. ग्लास आले, भोकं पडली. पुढच्या नऊ रांगांना, जिथं वरची मानलेली वस्ती बसायची. मागच्या अकरांसाठी पेला तसाच चालू राहिला. जंतू पुढच्यांनाच होत होते, मागच्यांना नाही, हे साहेबाच्या लक्षात आलं नसेल का? की आलं आणि त्यानं जंतूंवर भागवलं, कोण जाणे. एकोणीसशे एक्काहत्तरात एका नव्या पाळकानं सगळ्यांना ग्लास दिले आणि चांदीचा पेला वेस्ट्रीत, वेदीशेजारच्या खोलीत, काचेच्या कपाटात गेला. त्याखाली चिठ्ठी आहे, 'ऐक्याचा पेला'. ती चिठ्ठीही ग्लोरियाबाईंच्याच वळणदार अक्षरात.

हे सगळं त्यांना कुणी गुपित म्हणून सांगितलेलं नव्हतं. मेरीआजी ते अभिमानानं सांगायची. प्रभुभोजन झालं की ग्लासांचं तबक त्यांच्याच घरी धुवायला यायचं. अंगणात पाट मांडून आजी एकेक ग्लास लिंबाच्या सालीनं घासायची, उन्हात पालथा घालायची आणि म्हणायची, "तुझ्या आजोबांनी आणवले हो हे. पेल्याला तोंड लावायची वेळ आली नाही आपल्यावर." छोट्या ग्लोरीला तो मान वाटायचा, शेजारच्या मुलींना ती ग्लासांना हात लावू द्यायची नाही. माणूस जात सोडतो म्हणजे काय सोडतो, हे तिला त्या वयात कळण्यासारखं नव्हतं. पण न कळण्याचं वय फार दिवस टिकत नाही, आणि पुढे आपण कळूनही ते वय ओढून धरलं, हे अडुसष्टाव्या वर्षी कापड बाजाराच्या तोंडाशी त्यांना कबूल करावं लागलं. त्या घरी गेल्या, दार लावलं आणि दुपारचं जेवायचं विसरल्या.

गुरुवारी त्यांनी अँड्र्यू साहेबांना फोन केला. सगळं नाही सांगितलं. सुताराच्या गोष्टीला लेखी आधार नाही, एवढंच म्हणाल्या. साहेब म्हणाले, "बाई, पाटी तयार होऊन आलीय. मंडळीचा किती जीव आहे त्या गोष्टीवर. असं करू, तुम्ही वाचताना 'असे सांगतात' एवढं जोडा. म्हणजे कुणाला बोट ठेवता येणार नाही." वाईट माणूस नव्हता तो, त्याला खरंच वाटत होतं की आपण बाईंची अडचण सोडवली. आणि बाईंना तरी का नाही वाटावं? असे सांगतात. दोन शब्द. सांगतात हे खोटं नव्हतंच, तीस वर्षं सांगतच होत्या की. त्यांनी कागद घेऊन ते दोन शब्द वाक्याच्या शेवटी लिहून पाहिले आणि वाक्य मोठ्यानं वाचलं. छान बसत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. उघडली तर काय होणार हेही दिसत होतं: सुतार खोटा म्हटल्यावर घंटा कशावरून खरी? कोनशिला कशावरून खरी? लग्न नाही, मूलबाळ नाही, घरात दोन मांजरं आणि पुस्तकांचं कपाट; बाईंकडे या शहरात स्वतःचं म्हणून जे काही होतं ते एवढंच, की दगडी चर्चबद्दल काही विचारायचं तर ग्लोरियाबाईंना विचारा. ते जाईल याची त्यांना भीती वाटली.

शुक्रवारभर त्यांच्या तोंडात ती चव राहिली. चहा प्यायल्या तरी, तोंडात लवंग धरली तरी. आणि चव म्हटली की मागे तो दिवस उभाच होता. ग्लोरी दहा वर्षांची, रतन अकराची. रविवारच्या शब्बाथशाळेत दोघी शेजारी बसायच्या, चिंचा वाटून खायच्या, तिथं रांगा नव्हत्या. एका रविवारी उपासना संपल्यावर दोघी वेस्ट्रीत शिरल्या. रतनची आई पेला पुसायला फडकं आणायला गेली होती आणि पेल्याच्या तळाशी दोन घोट रस उरला होता. रतननं एक घोट घेतला आणि पेला पुढे केला. "घे गं, गोड हाय." ग्लोरीनं तोंडाला लावला. चांदीची थंड कड ओठाला लागली, आणि दारात आजी. आजी ओरडली नाही. जवळ आली, दंड धरला आणि म्हणाली, "थुंक." घोट अजून तोंडातच होता. भाकरीचा कण जमिनीवर सांडला तर ओठांनी टिपून घेणारी बाई ती. प्रभूचं रक्त म्हणून जे दर महिन्याला डोळे मिटून घ्यायची तेच तिनं नातीला थुंकायला लावलं. आणि ग्लोरी थुंकली. खाली, काळ्या फरशीवर, रतनच्या पायाशी. घरी मिठाच्या पाण्यानं चुळा भरून घेताना आजी म्हणाली, तिच्या आईला खोकला आहे ना, म्हणून. ग्लोरीनं ते लगेच मानलं, कारण मानणं सोयीचं होतं. पुढच्या रविवारी ती शब्बाथशाळेत दुसरीकडे बसली. का ते रतननं विचारलं नाही, आणि पुढे दोघी 'बाई' आणि 'रतनबाई' झाल्या.

शनिवारी दुपारी ग्लोरियाबाई चर्चच्या आवारामागं रतनबाईच्या दोन खोल्यांत गेल्या. रतनबाई उंबऱ्याशी बसून तूर निवडत होती. तिची नात एंजेला, सिव्हिलला नर्स, ड्यूटीवरून येऊन आत झोपलेली. "या, बाई," म्हणून रतनबाईनं सतरंजी टाकली आणि चहा ठेवला. चहा पिण्यात काही मोठेपणा नव्हता, आता सगळेच सगळ्यांकडे पितात. पण बाईंनी तो इतक्या घाईनं घोटला की जीभ भाजली आणि डोळ्यांत पाणी आलं. रतनबाईनं ते पाहिलं आणि सूप पुढ्यात ओढलं.

"रतन," बाई म्हणाल्या. पन्नास-साठ वर्षांनी तोंडातून ते नाव नुसतं निघालं. "तो सुतार मी रचला."

"ठावं हाय की."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुमी कदी इचारलं?" रतनबाईनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. "पयल्यांदा ऐकलं तवा म्या म्हनलं, असंल बाबा कुनी. मग घरी जाऊन सासूला इचारलं. ती हासली. म्हनली, बरं झालं, खापर मेलेल्या सुतारावर फुटलं, जित्यावर न्हाई."

बाईंनी मान खाली घातली. मग जरा सावरून, शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "मी साहेबांना सांगते, ती भोकं पाडायचीच नाहीत. आहे तसं राहू दे. खरं आहे तसं दिसू दे लोकांना."

"अगं बया!" रतनबाई एकदम उसळली. "का म्हनून? पाडू द्या की! परत्येक प्रभुभोजनाला त्या फरशीवरचे गिलास वाकून वाकून कोन गोळा करतं? माजी कंबर गेली, बाई. आमाला भोकं पायजेल. फकस्त त्या सुताराच्या नावानं नगं."

ग्लोरियाबाईंना हसूही आलं आणि लाजही वाटली. खरेपणाच्या नावाखाली त्या दुसऱ्याच्या कंबरेवर इतिहास जपायला निघाल्या होत्या. "मग मी उद्या काय सांगू?"

"मला काय इचारता? इतिहास तुमी लिवलाय."

"सांगते मग. पेल्याचं, रांगांचं, सगळं. तुमच्या घराचं नाव घेऊन—"

"आमचं नाव कशाला?" रतनबाईचे हात थांबले. "आमी काय केलं?"

आत एंजेलानं कूस बदलली, खाट करकरली. रतनबाईनं आवाज उतरवला. "तिला यातलं काय बी म्हाईत न्हाई. ती त्याच रांगंत बसती. तुमी आमचं नाव घेतलं की आख्खी मंडळी मान वळवून तिच्याकडं बगनार. तुमचं मन हलकं हुईल, आन् पोर खाली बगत बसंल. बगायचंच तर फुडं बगू द्या ना लोकांना."

बाईंनी होकारार्थी मान हलवली. त्यांना जे कबूल करायचं होतं ते त्यांनी मनात फार मोठं, फार सुंदर करून ठेवलं होतं. त्यात रडणं होतं, मिठी होती. ते सगळं तिथंच सुपाशेजारी पडलं. खरं तेवढंच शिल्लक राहिलं. उठताना त्यांनी विचारलं, "वेस्ट्रीतलं आठवतं तुला?"

"आठवाया काय झालं? फडकं न्हवतं हाताशी, झग्यानं पुसलं म्या," रतनबाई म्हणाली. "नवा झगा हुता, नाताळचा. डाग गेलाच न्हाई. आईनं लई हानलं." आणि तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं.

रविवारी चर्च भरलं होतं. पाटीवर निळं रेशमी कापड, वेदीवर पांढऱ्या कापडाखाली भाकरीची आणि ग्लासांची तबकं. वायरिंग अजून जोडलेलं नसल्यामुळे माईक नव्हता. अँड्र्यू साहेब बोलले ते घसा ताणून. गीत झालं, वाचन झालं, आणि साहेबांनी इतिहासासाठी ग्लोरियाबाईंना बोलावलं. तिसऱ्या रांगेतल्या आपल्या बाकावरून उठून त्या व्यासपीठाशी गेल्या. राजेश्वरी कडेच्या खिडकीखाली वही घेऊन बसली होती. बाईंनी कोनशिलेचं वाचलं, खाणीतून बैलगाड्यांवर आलेल्या काळ्या दगडाचं वाचलं, कैच्यांचं, घंटेचं, वादळात फुटून पुन्हा बसवलेल्या खिडकीचं. हे सगळं खरं होतं आणि ते वाचताना त्यांचा आवाज नेहमीसारखा ठणठणीत होता. मग पान उलटलं. कागदावर सूर्यभान होता, त्याच्यापुढे गुरुवारी शाईनं जोडलेले दोन शब्द होते. अँड्र्यू साहेब उत्तेजनासारखं हसले. बाईंना वाटलं, अजूनही वाचता येईल. कुणाचं काही बिघडणार नाही, सोमवारी भोकं पडतीलच, रतनची कंबर वाचेलच. बोटाखाली कागद ओलसर झाला होता. त्यांनी त्यावरून नजर काढली.

"सूर्यभान मिस्त्री नावाचा कुणी माणूस नव्हता," त्या म्हणाल्या. "तो मी रचला. ती भोकं नऊ रांगांनाच पडली, कारण पुढच्यांना मागच्यांच्या तोंडचा पेला नको होता. ठरवणाऱ्यांत माझे आजोबा होते, इसहाक मास्तर. आणि मी स्वतः त्या पेल्यातला घोट—" इथं आवाज अडकला. अडकायच्या आधीही तो काही फार नव्हता. पहिल्या वाक्यापासूनच तो खाली खाली गेला होता, कबुलीजबाब उशीत तोंड खुपसून द्यावा तसा. पुढच्या दोन-तीन रांगांचे चेहरे बदललेले त्यांना दिसत होते. कुणाचा तरी चष्मा हातात होता, कुणी शेजारच्याला काही विचारत होतं. अँड्र्यू साहेब अर्धवट उठून उभे होते. त्यामागच्या रांगांत मात्र माणसं नेहमीसारखी शांत बसली होती, एक बाई बाळाला थोपटत होती. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यापर्यंत ते गेलंच नव्हतं, आणि बाईंच्या मनात आलं, झालं सांगून. आता खाली बसलं तरी चालेल.

विसाव्या रांगेत रतनबाई उठून उभी राहिली. एका हातानं तिनं पुढच्या बाकाची पाठ धरली होती. "बाई, मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मागं काय बी ऐकू येईना."

ग्लोरियाबाईंनी कागदाची घडी घातली, व्यासपीठाच्या पायरीवरून खाली उतरून दोन्ही बाजूंच्या बाकांमधल्या वाटेत आल्या, आणि वर्गातल्या शेवटच्या मुलीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात पहिल्या वाक्यापासून पुन्हा सांगायला लागल्या.